दोन विती दोरी

मामांनी आज मला नुसतं "बरं" म्हटलं आणि ते निघून गेले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

भांडले असते तर चाललं असतं. "तुम्ही कोण मला सांगणार?" म्हणून चार शब्द सुनावले असते, तर मी रागाने का होईना, झोपले असते. पण मामांना भांडता येत नाही. शाळेत छत्तीस वर्षं ज्याने जे सांगितलं ते त्यांनी केलं. बाक उचला म्हटलं, उचलले. टाकी साफ करा म्हटलं, टाकीत उतरले. आणि आज संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात, त्यांच्यापुढे चहा ठेवून, मी त्यांना सांगितलं, "मामा, हे कुणाला म्हणजे कुणालाच बोलायचं नाही." ते म्हणाले, "बरं."

आता ते खरंच बोलणार नाहीत. उद्या सकाळी दहा वाजता पुस्तकाची पानं छापखान्यात जातील, दोन महिन्यांनी मामा निवृत्त होतील, आणि ही गोष्ट पोटात घेऊन ते घरी बसतील. त्यांचा रक्तदाब आधीच वरचा. हे ओझं मी त्यांच्या डोक्यावर ठेवलं, आणि तेही माझ्या सोयीसाठी.

नात्याने ते माझे कुणी नाहीत. आमच्या हायस्कूलचं मैदान सांभाळणारा हा माणूस. मैदानावर पांढऱ्या रेषा आखायची जी पूड असते, ती फक्की. तिने त्यांचे हात कोपरापर्यंत सदा पांढरे, म्हणून ते फक्कीमामा. पगारपत्रकावरचं नाव फक्त ऑफिसला ठाऊक. खेळाचे सर म्हणायचे, मामांच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा कंसात 'फक्कीमामा' छापलं होतं. मामी म्हणतात, "साफ खोटं. लग्न आधी झालं, फक्की नंतर. आधी माहीत असतं तर विचार केला असता." त्यांना मूलबाळ झालं नाही. "दरवर्षी शेदोनशे नवी येतात, आणखी कशाला?" असं मामी म्हणतात आणि लगेच दुसरा विषय काढतात.

शाळेला यंदा शंभर वर्षं होतात. त्यानिमित्त पुस्तक निघतं आहे. त्यातला शाळेचा इतिहास आणि शाळेचं यश हा भाग माझ्याकडे आला, कारण मी तिथलीच विद्यार्थिनी, कॉलेजात इतिहास शिकलेली, आणि मुख्याध्यापिका बाईंच्या मते "तुमच्याकडे वेळ आहे." आमचे हे म्हणाले, "घे तू. काळजी करायला काहीतरी नवं मिळेल. काळजीची डिग्री असती तर तुला सुवर्णपदक होतं."

तीन महिने मी शाळेच्या जुन्या वह्या चाळल्या. शाळा सुरू झाली ती लाकडाच्या वखारीच्या माडीवर, दोन खोल्यांत. खाली करवत चालू असेपर्यंत वर लेखन, करवत थांबली की वाचन, असं पहिलं वेळापत्रक होतं. अडतिसाव्या वर्षी पहिल्या चार मुली आल्या. त्यांना मागच्या फाटकातून यायला सांगितलं होतं. त्यातली एक पहिल्याच आठवड्यात पुढच्या फाटकाशी येऊन उभी राहिली आणि घंटा झाली तरी हलली नाही. शेवटी तिला आणि उरलेल्या तिघींनाही पुढून घ्यावं लागलं. न्यायाधीश निघाले, शास्त्रज्ञ निघाले, पूल बांधणारे निघाले, एक जण पळून जाऊन गवई झाला. मी सगळं लिहिलं. सभागृहात धावण्याच्या विक्रमांचा लाकडी फलक आहे, त्याच्यापुढे खुर्ची टाकून मी नावं उतरवली आणि मोठ्या उत्साहाने वाक्य लिहिलं: 'शाळेच्या क्रीडाइतिहासातले गेले दशक हे सुवर्णयुगच म्हणावे लागेल. अवघ्या अकरा वर्षांत सात विक्रम मोडले गेले.'

त्या सातांतलं एक नाव माझ्या मुलीचं आहे.

मुलींची आठशे मीटर. आठ वर्षांपूर्वी, ती सोळा वर्षांची असताना. दोन मिनिटं सोळा सेकंद. त्याआधीचा विक्रम बावीस वर्षं टिकला होता, दोन मिनिटं सतरा. तो ज्यांचा होता त्या आता सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. त्या दिवशी त्या ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच मैदानावर आल्या होत्या. स्वतःचा विक्रम मोडलेला बघून त्यांनी माझ्या मुलीला उचलूनच घेतलं. "बावीस वर्षं वाट बघतेय गं, कोण येतंय म्हणून," असं म्हणाल्या. नंतर रंगाऱ्याने फलकावरचं त्यांचं नाव पुसून तिथे हिचं लिहिलं.

मामा हिला 'काडीपैलवान' म्हणायचे. अंगावर मांस नाही, पण फाटकातून आत आली की थेट मैदान. मामा फक्की टाकत असायचे आणि तोंड चालू. "काडीपैलवान, पाय उचला. शाळेची फरशी नाही पुसायची." ती म्हणायची, "मामा, तुम्हीच धावा बघू एक फेरी." "मी धावलो तर विक्रम होईल, मग तुम्ही काय करणार? म्हणून थांबलोय."

आता ती दोरी सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आलं आहे.

आमच्या मैदानावर दोनशे मीटरची फेरी आहे. मैदानाच्या दोन टोकांना जमिनीत दोन लोखंडी पाइप सिमेंटमध्ये पक्के बसवलेले आहेत. पाऊस संपला, गवत कापून झालं, की मामा जिन्याखालच्या खोलीतून पत्र्याचा डबा आणतात. डब्यात जाड सुती दोरी. तिच्या एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला लांब खिळा. फास पाइपाला अडकवायचा, दोरी ताणायची आणि खिळ्याने जमिनीवर अर्धं वर्तुळ ओढत जायचं. दुसऱ्या टोकाला तसंच दुसरं. मग दोन्ही अर्धवर्तुळं सरळ रेषांनी जोडली की फेरी तयार. त्या खुणेवर फक्की.

ही दोरी मामांना आधीच्या मैदानवाल्यांनी दिली, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. कोण्या जुन्या सरांनी ती एकदा पट्टी लावून मोजून घेतली होती, त्यानंतर कुणी मोजली नाही. शाळेची दोरी, ती चुकेल कशी? मैदानावर टेप कधी लागलाच नाही. मामा दोरीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी नववीत असताना ते नुकतेच लागले होते. वर्गात बडबड केली म्हणून सरांनी मला बाहेर काढलं, तेव्हा मामांनी पाइपावरचा फास धरायला मला उभं केलं. म्हणाले, "गच्च धर. तू हललीस तर शाळा वाकडी होईल." मी तासभर श्वास धरून उभी होते. माझा स्वभाव त्यांनी तेव्हाच ओळखला असणार.

अकरा वर्षांपूर्वी जिन्याखालच्या खोलीत उंदीर झाले. त्यांनी दोरीचं फासाकडचं टोक कुरतडलं. मामांनी कुरतडलेला भाग कापला आणि नवीन फास बांधला. आज त्यांनी मला हाताने दाखवलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. "एक वीत उंदरानं खाल्ली, ताई. एक वीत गाठीत गेली. मी म्हटलं, एवढं मोठं मैदान. दोन वितींनी काय होतंय?"

दोन वितींनी काय होतं, ते गेल्या सोमवारपर्यंत कुणालाच कळलं नाही. शंभराव्या वर्षानिमित्त माजी विद्यार्थी शाळेला पक्का धावमार्ग बांधून देणार आहेत. त्यासाठी एक तरुण इंजिनियर चाकाचं यंत्र घेऊन आला आणि आखलेल्या फेरीवरून ते फिरवून गेला. मामांना म्हणाला, "काका, तुमची फेरी अडीच मीटर कमी आहे. असू द्या, नवीन करताना बरोबर करू." त्याच्या दृष्टीने विषय संपला. तो सामान गाडीत टाकून गेलासुद्धा.

मामा मात्र रविवारपर्यंत झोपले नाहीत. रविवारी त्यांनी इंजिनियरच्या कागदावरून नवी दोरी मोजून घेतली, जुनीच्या शेजारी अंथरली, आणि वीत लावली. एक. दोन. मग ते सभागृहात गेले आणि फलकासमोर उभे राहून, दोरी कापल्यानंतरची नावं एका कागदावर लिहून घेतली.

तो कागद घेऊन ते आज माझ्याकडे आले. दारातच विचारलं, "ताई, पुस्तक छापलं का?"

"उद्या जातंय. या ना आत. तुमचं पान झकास झालंय. फोटोत चक्क हसताय."

"माझं पान काढून टाका."

"काय झालं? मामींना फोटो आवडला नाही का?"

ते हसले नाहीत. खुर्चीवर टेकले, पण पूर्ण बसले नाहीत. आमच्याकडे ते नेहमी असेच बसतात, कधीही कुणी हाक मारेल असे. मग त्यांनी सगळं सांगितलं, आत्ता मी लिहिलं त्याच क्रमाने. कागद टेबलावर ठेवला. सात नावं होती. माझ्या मुलीचं नाव सालाप्रमाणे तिसरं यायला हवं होतं. त्यांनी ते सगळ्यात शेवटी लिहिलं होतं.

"हे सगळे विक्रम खोटे आहेत, ताई. पोरं खोटी नाहीत. फेरी खोटी. मी उद्या प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंना सांगतो. पण आधी तुम्हाला सांगायला आलो, कारण आपली काडीपैलवान त्यात आहे."

माझं पहिलं वाक्य काय होतं, ते मला लिहायला लाज वाटते. मी विचारलं, "अजून कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही."

"मग कशाला सांगता?"

मी बोलत सुटले. दोन महिन्यांवर निवृत्ती आली आहे, समारंभात तुमचा सत्कार आहे, लोक काय म्हणतील, छत्तीस वर्षांच्या कामावर पाणी पडेल, लोक तर टपलेलेच असतात, नाक कापायला वेळ लागत नाही. सगळं त्यांच्या भल्याचं बोलत होते. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी मामांची एवढीशीही काळजी नव्हती. मला तो लाकडी फलक दिसत होता, त्यावर रंगारी चढलेला, आणि माझ्या मुलीच्या नावावरून फिरणारा त्याचा कुंचला.

कारण तिच्याकडे दुसरं काय आहे?

त्या दोन मिनिटं सोळा सेकंदांवर तिची खेळाच्या निवासी केंद्रात निवड झाली होती. तिथे जायला दोन सतराच्या आत धावावं लागायचं. आम्ही ट्रंक भरून तिला सोडून आलो. दोन महिन्यांत तिथे तीनदा घड्याळ लावलं. दोन अठरा. दोन अठरा. दोन एकोणीस. तिथल्या प्रशिक्षकांनी आम्हाला बोलावून सांगितलं, पाय चांगले आहेत, मन कच्चं आहे. नव्या जागी मुलगी दबते. तिला परत आणली.

आमच्या शाळेत याचं कुणाला नवल वाटलं नाही. गेली दोन-तीन वर्षं हेच चाललं होतं, पुढेही तेच चाललं. मुलं शाळेच्या मैदानावर विक्रम करायची आणि दुसरीकडे स्पर्धेला गेली की मागे पडायची. खेळाचे सर म्हणायचे, "आमची पोरं बाहेर बुजतात." पालकसभेत यावर चर्चा झाली होती. आत्मविश्वास वाढवण्यासाठी शहरातून एक व्याख्याते आणले होते; त्यांनी दोन तास मुलांना मुठी आवळून ओरडायला लावलं. पुढच्या स्पर्धेत मुलं ओरडली छान आणि मागे पडली ती पडलीच.

आणि मी? ती परत आली त्या रात्री जेवताना ती गप्प होती. मला तिची काळजी वाटत होती, आणि माझी काळजी नेहमी वाकड्या वाटेनेच बाहेर येते. मी म्हटलं, "घरी वाघ आणि बाहेर शेळी. असं कसं चालायचं?" तिने ताट सरकवलं नाही, रडली नाही. जेवण पूर्ण केलं, ताट घासलं. दुसऱ्या दिवशी धावायचे बूट शेजारच्यांच्या मुलीला देऊन टाकले. नंतर ती कधी मैदानावर गेली नाही. सुट्टीत घरी आली तरी बाजारात जाताना शाळेकडचा रस्ता सोडून लांबून जाते.

आता ती चोवीस वर्षांची आहे, विमानतळावर सामानाच्या काउंटरवर काम करते. गेल्या महिन्यात तिला वरच्या जागेसाठी परीक्षा द्यायला सांगितलं होतं. तिने अर्जच केला नाही. मी फोनवर कारण विचारलं, तर म्हणाली, "आयत्या वेळी माझ्याच्याने होत नाही गं. तुला तर माहीतच आहे."

हे घरातलं मामांना माहीत नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "आणि नर्सबाईंचं काय? त्यांचं नाव पुसून आपल्या पोरीचं लिहिलं ना."

"त्यांना काही कळणार नाही, मामा."

"कळणार नाही, हे खरं."

"मग? माझं ऐका. हे कुणाला म्हणजे कुणालाच बोलायचं नाही."

त्यांनी चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि "बरं" म्हणून गेले. कागद टेबलावरच राहिला.

रात्री नऊच्या सुमारास मामींचा फोन आला. मामी कधी फोन करत नाहीत. केला तर "चुकून लागला" म्हणतात. आज तसं म्हणाल्या नाहीत.

"ताई, तुमच्याकडे येऊन गेले ना हे?"

"हो. का हो?"

"जेवले नाहीत. मैदानावर जाऊन बसलेत, त्या पाइपापाशी. गोळीही घेतली नाही. काय बोलणं झालं तुमचं?"

"काही नाही. पुस्तकाचं."

"काही नाही म्हणजे बरंच काही. सदतीस वर्षांचा संसार आहे माझा त्या माणसाशी, मला नका शिकवू." मग त्यांचा आवाज उतरला. "घरात आल्यापासून एकच धोशा. पोरं बुजत नव्हती, पोरं बुजत नव्हती. मी म्हटलं, कुठली पोरं? तर म्हणाले, सगळीच. आणि निघून गेले. काय आहे हो हे? तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

मी म्हटलं, "नाही हो. थकले असतील. गोळी तेवढी द्या."

म्हणजे मी एका दिवसात मामांना गप्प बसवलं आणि मामींशी खोटंही बोलले. फोन ठेवल्यावर मी यांना म्हटलं, मामा मैदानावर बसलेत, जाऊन बघता का? हे काही न विचारता चप्पल घालून गेले. तासाभराने मामांना बोलतं करून, घरी पोचवून आले. "दोरीबद्दल काहीतरी म्हणत होते," असं म्हणाले. "मध्येच थांबले. म्हणाले, ताईंनी नको म्हटलंय." माझ्याकडे एकदा पाहिलं आणि झोपायला गेले. काळजीच्या डिग्रीचा विनोदही केला नाही.

त्यानंतर मी पुस्तकाची पानं शेवटची तपासायला बसले. मामांचं पान समोर होतं. मी त्यात लिहिलं होतं, 'साधा, प्रामाणिक आणि कामसू माणूस.' असं आपण कुणाबद्दलही लिहितो. वाचताना मामींचं बोलणं डोक्यात फिरत होतं. पोरं बुजत नव्हती. त्याचा अर्थ संध्याकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर होता, कागदावर सात नावं होती, आणि मी मात्र पुसलं जाणारं एक नाव बघत बसले होते.

मी पेन्सिल घेतली. दोन विती, म्हणजे चाळीस सेंटिमीटर. दोरी तेवढी आखूड, दोन्ही अर्धवर्तुळं तेवढी लहान, म्हणजे पूर्ण फेरी अडीच मीटरने कमी. आठशे मीटरला चार फेऱ्या. दहा मीटर. माझी मुलगी त्या दिवशी आठशे मीटर नव्हे, सातशे नव्वद मीटर धावली होती. उरलेल्या दहा मीटरला तिच्या वेगाने किती वेळ लागला असता? मी भागाकार तीनदा केला, गणितावर माझा विश्वास नाही. तिन्ही वेळा पावणेदोन सेकंद आले.

सोळात पावणेदोन मिळवले की जवळजवळ अठरा.

ती केंद्रात जाऊन दोन अठरा धावली. पहिल्यांदाही, दुसऱ्यांदाही. नवं शहर, नवी खोली, अनोळखी मुली, डोक्यावर घड्याळ घेऊन उभा प्रशिक्षक, आणि ती आपल्या शाळेत धावायची तेवढीच तिथेही धावली. रतीभरही कमी नाही. दबली नव्हती, बुजली नव्हती. तिसऱ्या वेळी एक सेकंद जास्त लागला, तो तिथल्यांनी तिला भित्री ठरवायला सुरुवात केल्यावर.

हे मामांना गणित न करता कळलं होतं. ते विक्रम खोटे ठरवायला आले नव्हतेच. अकरा वर्षं बाहेर जाऊन हरून आलेल्या, मान खाली घालून परतलेल्या पोरांसाठी ते आले होते. सगळीच, असं म्हणाले. दरवर्षी स्पर्धेहून परतणाऱ्या मुलांची बस फाटकाशी थांबायची तेव्हा तिथे मामाच असायचे, पिशव्या उतरवायला. त्यांनी त्या मुलांचे चेहरे पाहिलेत. मी एकीचाच पाहिला, आणि तिला शेळी म्हटलं.

मी सुवर्णयुगाचं वाक्य खोडलं. मामांच्या पानावरचं 'साधा, प्रामाणिक' हेही खोडलं आणि त्याच्याजागी दोरीची हकीकत लिहिली, जशी त्यांनी सांगितली तशी, दोन वितींसकट. छापायचं की नाही ते बाई ठरवतील. सकाळी प्रार्थनेच्या आधी मी मामांच्या घरी जाणार आहे आणि त्यांच्याबरोबर बाईंच्या खोलीत जाणार आहे. त्यांनी एकट्याने बोलायचं नाही. दवाखान्यात नर्सबाईंकडेही मीच जाईन. बाई चिडतील, खेळाचे सर तर नक्कीच चिडतील, माजी विद्यार्थी म्हणतील शंभराव्या वर्षीच हे कशाला उकरलं. मामांचा सत्कार रद्द झाला तर? त्यांच्या नावाने लोक हसले तर? वर्षानुवर्षं हा माणूस फेरी चुकीची आखत होता, असं म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो? या सगळ्याची मला भीती वाटते आहे, आणि ती सकाळपर्यंत जाणार नाही.

पण मामांनी एक गोष्ट बरोबर केली, बाईंच्या आधी ते आमच्याकडे आले. आधी तिला कळायला हवं. फलकावरून नाव पुसल्याचं तिला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये, आणि त्यामागचं तर मुळीच नाही.

या आठवड्यात तिला रात्रपाळी आहे. दीड वाजता तिला जेवायची अर्धा तास सुट्टी असते. या वेळी आईचा फोन म्हटला की ती घाबरेल, बाबांना काही झालं का म्हणेल. म्हणून आधी, सगळे ठीक आहेत, असं सांगायचं. मग दोरीचं. मग दहा मीटरचं. मग ती गप्प होईल. ती गप्प झाली की मला काही सुचत नाही आणि मी भलतंच बोलून बसते, तसं या वेळी करायचं नाही. ती विचारेल, "मग तू तेव्हा तसं का म्हणालीस?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही. नाही, एवढंच सांगायचं.

कदाचित ती म्हणेल, आठ वर्षांनी सांगून काय उपयोग. म्हणू दे. कदाचित नाव गेल्याचंच तिला जास्त लागेल. कदाचित ती काहीच न बोलता फोन ठेवेल, आणि मी सकाळपर्यंत इथेच बसून राहीन.

दीड वाजून एक मिनिट झालं आहे. तिचा डबा उघडून झाला असेल. मी नंबर लावते.